तारखेची बाजू आत: मोठ्या टायरांच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

मे 2024 मध्ये मी माझ्या 2021 च्या महिंद्रा थारला कंपनीने दिलेल्या टायरांपेक्षा मोठे टायर बसवून घेतले आणि त्या व्यवहारात माझे जवळपास नव्वद हजार रुपये गेले. पावसाळ्यापूर्वी असाच विचार करणारे बरेच जण असतात. त्यांनी आगाऊ रक्कम देण्याआधी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठी तो तपशीलवार लिहीत आहे. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

माझ्या गाडीला मूळचे टायर 245/75 आर 16 या मापाचे होते. यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा टायरच्या कडेची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो. हिशेब केला तर चाकाची एकूण उंची सुमारे 774 मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच होते. आदल्या पावसाळ्यात मुळशीकडे एका भातखाचराच्या कडेला ही गाडी चिखलात रुतली आणि ट्रॅक्टर लावून बाहेर काढावी लागली. ट्रॅक्टरवाले काका दोरखंड सोडता सोडता म्हणाले होते, "साहेब, हवा कमी करायची होती की!" चाकांत त्या वेळी डांबरी रस्त्यासाठी भरलेली 32 पीएसआय दाबाची हवा होती. काकांचे बोलणे मी थट्टेवारी नेले आणि आपल्या गाडीचे टायरच लहान आहेत, असा निष्कर्ष काढून घरी आलो. पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ या निष्कर्षात आहे, कारण दुकानात शिरलो तेव्हा मोठे टायर हवेत का हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला होता. दुकानदाराला फक्त कोणते एवढेच सांगायचे उरले होते.

त्याने 285/75 आर 16 हे माप सुचवले. त्याची उंची सुमारे 834 मिलिमीटर, म्हणजे बोलीभाषेतले 'तेहतीस इंची'. टायर परदेशी बनावटीचे, खास चिखलासाठीचे, एकाची किंमत 23,500 रुपये. माझे जुने चार टायर तो प्रत्येकी 3,000 रुपयांना परत घेणार होता, म्हणजे मला 82,000 रुपये द्यायचे होते. "सर, हा माल आता बाजारात कुणाकडे मिळणार नाही," असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. यात अर्धे सत्य होते. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आणले आणि तेव्हापासून परवान्याशिवाय असे टायर आणता येत नाहीत. मग याच्याकडे हे चार टायर कुठून आले आणि कधी आले, हे विचारायला हवे होते. मी मात्र दुर्मीळ वस्तू हाती लागल्याच्या आनंदात होतो.

पक्के बिल घेतले तर 28 टक्के जीएसटी लागेल, त्यापेक्षा कच्च्या पावतीवर घ्या, असे त्याने सुचवले आणि मी ते मान्य केले. ही माझी चूक आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही. आगाऊ 20,000 रुपये मी यूपीआयने पाठवले तेव्हा पडद्यावर दुकानाचे नाव न दिसता एका व्यक्तीचे नाव दिसले. "भावाचे खाते आहे," असे उत्तर मिळाले. उरलेले 62,000 रोख दिले.

टायर चढवताना घडलेली एक गोष्ट मला आजही राहून राहून आठवते. या टायरांच्या एका बाजूला पांढरी ठळक अक्षरे होती आणि दुसऱ्या बाजूला तीच अक्षरे काळी. पांढऱ्या अक्षरांची बाजू बाहेर ठेवावी, असे मी म्हणालो. त्यावर कारागीर काही बोलण्याआधीच मालक म्हणाले, "सर, पांढरी अक्षरे दोन महिन्यांत पिवळी पडतात, आपण ती आत ठेवू, गाडी भारदस्त दिसेल." मला हा सल्ला पटला, इतका की त्यांच्या दृष्टीचे मी कौतुकही केले. टायर कधी तयार झाला हे सांगणारे चार अंक पुष्कळदा कडेच्या एकाच बाजूला असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पहिल्याच आठवड्यात स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढची चाके आतल्या आवरणाला घासू लागली. पुन्हा दुकानात गेलो, तेव्हा 7,500 रुपयांचे स्पेसर, म्हणजे चाकामागे बसवायच्या जाड चकत्या, माथी मारण्यात आले. स्पेसरमुळे चाक बाहेर सरकले, घासण्याची जागा तेवढी बदलली आणि चाकाच्या बेअरिंगवरचा ताण वाढला तो वेगळाच. शिवाय 285 मिलिमीटर रुंदीच्या टायरला किमान साडेसात इंच रुंदीची रिम लागते आणि माझ्या रिम त्याहून अरुंद आहेत, याचा उल्लेखही कुणी केला नव्हता. चाकाचा घेर सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढल्यामुळे काटा 80 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात 86 च्या वेगाने धावत होती. उलट शंभर किलोमीटर गेलो तर नोंद मात्र 93 चीच होत होती. त्यामुळे मायलेज जेवढे घटले त्याहून अधिक घटल्यासारखे दिसत होते, एवढे दुकानदाराच्या बाजूनेही लिहायला हवे. गिअरची ओढ मंदावली, कारण मोठे चाक फिरवायला इंजिनाला अधिक जोर लागतो. चढावर मुंगीच्या पावलांनी जाण्याची या गाडीची जी खुबी आहे, ती मी पैसे देऊन कमी करून घेतली होती.

जुलैत ताम्हिणी घाट उतरून निजामपूरच्या अलीकडे आलो असताना पुढच्या डाव्या चाकाकडून धपधप आवाज येऊ लागला. उतरून पाहिले तर टायरच्या कडेला मुठीएवढा फुगा आलेला होता. स्टेपनी काढली, तेव्हा दुसरा घोटाळा लक्षात आला. चार टायर बदलले होते, पाचवा जुन्या मापाचाच होता. एका चाकाची उंची दुसऱ्यापेक्षा सहा सेंटिमीटरने कमी असताना फोर व्हील ड्राइव्हला हात लावायचा नसतो, नाहीतर गिअरयंत्रणेवर भलताच ताण येतो. भर पावसात टू व्हीलमध्ये, ताशी तीसच्या वेगाने, माणगाव गाठले.

तिथल्या पंक्चरवाल्याने टायर रिमवरून सोडवला, आतली बाजू ओल्या फडक्याने पुसली आणि लांबट चौकटीतल्या चार अंकांवर बोट ठेवले: 1417. मला वाटले मॉडेलचा क्रमांक असेल. "चौदावा आठवडा, सतरा साल. साहेब, हा टायर सात वर्षांचा आहे," तो म्हणाला. मग आम्ही बाकीची तीन चाकेही काढली. एकावर पुन्हा 1417, दुसऱ्यावर 1617, आणि तिसऱ्यावर अंकांची जागा घासून गुळगुळीत केलेली. काळ्या चकाकीच्या लेपाखाली खाचांच्या मुळाशी बारीक भेगा होत्या. चारही टायरांवर आयएसआय चिन्ह कुठेही नव्हते.

टायर न वापरताही रबर कडक होत जाते आणि उन्हात ठेवलेल्या मालाचे तर लवकर होते. सावलीत, नीट ठेवलेला वर्षा-दीड वर्षाचा टायर घ्यायला हरकत नसते. पण पाच वर्षांपुढच्या टायरची दरवर्षी तपासणी करून घ्यावी, असे उत्पादकच सांगतात. मला मिळालेले टायर त्या वयाच्याही पुढे गेलेले होते आणि ते नव्याच्या किमतीत विकले गेले होते. त्यामुळे अक्षरे पांढरी असोत वा काळी, टायर चढवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजू स्वतः पाहाव्यात, डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार अंक वाचावेत आणि ते बिलावर लिहून मागावेत. यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. जो दुकानदार ते लिहून द्यायला कुरकुरतो, त्याच्याकडून निघून यावे.

मापाचा प्रश्न कायद्याचाही आहे, हे मला फार उशिरा कळले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका ठामपणे मांडली. अपघात झालाच, तर विमा कंपनीच्या हाती आपण आयते कारण देतो. 'सगळेच बसवतात, सर' हे वाक्य मला ऐकवले गेले होते, पण दाव्याच्या वेळी 'सगळे' आपल्या शेजारी उभे नसतात.

दुकानात परत गेलो, तेव्हा उत्तर मिळाले की टायर कोणत्या वर्षाचे आहेत, हे आम्ही सांगितलेच नव्हते. माझे मूळचे टायर मागितले, तर ते विकले गेले होते. जेमतेम 21,000 किलोमीटर चाललेले ते चार टायर कुणाला काय भावाने विकले, हे विचारल्यावर मालकांना फोन आला आणि ते बाहेर गेले. शेवटी त्यांनी एक तडजोड सुचवली: हे चार टायर 10,000 रुपयांना परत घेऊ आणि ती रक्कम नव्या टायरांत वळती करू. फुगा आलेला टायरसुद्धा त्यांना हवा होता. त्याच क्षणी मला उमगले की बहुधा मी या टायरांचा पहिला ग्राहक नव्हतो आणि शेवटचा तर नक्कीच ठरणार नव्हतो. मी नकार दिला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. पक्के बिल नसल्याने माझी बाजू लंगडी आहे. यूपीआयची नोंद, अंकांची छायाचित्रे आणि 'एकदम ब्रँड न्यू पीस' असा दुकानदाराने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला संदेश, एवढ्यावर ती उभी आहे.

गाडीला आता पुन्हा 245/75 आर 16 मापाचेच, पण सर्व रस्त्यांवर चालणाऱ्या जातीचे पाच टायर आहेत. बिलावर पाचही टायरांच्या तारखा आहेत. सप्टेंबरमध्ये मुळशीच्या त्याच खाचराकडे गेलो, चाकांतली हवा 20 पीएसआयवर आणली आणि चिखल पार करून पलीकडे छोट्या कंप्रेसरने ती पुन्हा भरली. दुकानदाराने दिलेले ते चार टायर पुरावा म्हणून पार्किंगमध्ये रचून ठेवले आहेत. सोसायटीच्या चिटणीसांची त्याबद्दलची दोन पत्रे येऊन गेली असून मी त्यांना आयोगाच्या पुढच्या तारखेची प्रत दिली आहे.