डिस्क मॅनेजमेंट : ड्राइव्हचं अक्षर आणि त्याचा भरवसा

विंडोज २००० पासून विंडोजसोबत फुकट येणारं, डिस्कचे भाग आणि त्यांची अक्षरं सांभाळणारं हे साधन. स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की यादीत ‘डिस्क मॅनेजमेंट’ दिसतं. वरच्या अर्ध्यात व्हॉल्यूमची (वापरायला तयार ड्राइव्हची) यादी, खालच्या अर्ध्यात डिस्कच्या पट्ट्या. दिसायला अजून २००० सालचंच, आणि त्याबद्दल तक्रार नाही. ड्राइव्हला अक्षर (सी, डी, ई वगैरे) देण्याच्या कामात ते किती भरवशाचं, एवढंच इथे तपासलं आहे.

मूळ काम सोपं आहे. पट्टीवर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘चेंज’, अक्षर निवडा, ओके. रीस्टार्ट लागत नाही. यादीत मोकळी अक्षरंच दिसतात, त्यामुळे डी आणि ई यांची अदलाबदल करायची तर तीन फेऱ्या होतात: डीला टी करा, ईला डी करा, टीला ई करा. ‘अदलाबदल’ असं एक बटण इतक्या वर्षांत द्यायला हरकत नव्हती. विंडोज ज्यावर आहे तो सी बदलता येत नाही, आणि ते योग्यच. पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) ज्या ड्राइव्हवर आहे तिथेही अडवणूक होते. आधी पेजफाइल हलवावी लागते.

डॉसच्या काळात अक्षरं लक्षात ठेवली जात नसत, दर बूटला (संगणक सुरू होताना) नव्याने वाटली जात. ए आणि बी फ्लॉपीला, मग प्रत्येक हार्ड डिस्कचं पहिलं प्रायमरी पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला मुख्य भाग), त्यानंतर लॉजिकल ड्राइव्ह (उरलेले उपभाग). दुसरी हार्ड डिस्क बसवली की तिचं प्रायमरी पार्टिशन मध्ये घुसायचं आणि कालचा डी आज ई व्हायचा. आताच्या विंडोजमध्ये हे होत नाही, कारण माउंट मॅनेजर नावाचा भाग रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) ‘माउंटेड डिव्हायसेस’ या की-खाली नोंद ठेवतो.

खरी गोम या नोंदीत आहे, आणि साधन ती कुठेच सांगत नाही. अक्षर डिस्कवर लिहिलेलं नसतं, ते त्या एका संगणकाच्या रजिस्ट्रीत असतं. एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी) डिस्कसाठी नोंद १२ बाइटची: ४ बाइट डिस्कची सही (ओळख क्रमांक), ८ बाइट पार्टिशन कुठून सुरू होतं तो आकडा. जीपीटी (नवी मांडणी) असेल तर पार्टिशनचा १६ बाइटचा युनिक आयडी. म्हणून बॅकअपच्या डिस्कला इथे टी दिलं तरी शेजारच्या संगणकावर ती एफ म्हणून उघडेल. तीच डिस्क नव्याने पार्टिशन केली की जुनी ओळख सहसा पुसली जाते आणि दिलेलं अक्षरही.

पेन ड्राइव्हचं गणित वेगळं. त्याची ओळख यूएसबी डिव्हाइसच्या पत्त्यावरून ठरते आणि त्या पत्त्यात सीरियल नंबर असतो. स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये तो नसला की विंडोज त्याऐवजी पोर्टची खूण धरतं. पुढच्या पोर्टला लावला तर एच, मागच्या पोर्टला लावला तर जी! अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते, पण हे पोर्टबरोबर बदलतं.

ऑफिसमध्ये याहून चिवट अडचण येते. नेटवर्क ड्राइव्हचं मॅपिंग (सर्व्हरच्या फोल्डरला अक्षर देणं) लॉगिन केलेल्या वापरकर्त्यापुरतं असतं, माउंट मॅनेजर सिस्टिमच्या पातळीवर चालतो. एफवर सर्व्हरचा फोल्डर मॅप आहे हे त्याला दिसत नाही, तो पेन ड्राइव्हलाही एफच देऊन बसतो. पेन ड्राइव्ह लावल्याचा आवाज येतो, पण एक्सप्लोररमध्ये काही उगवत नाही. लोक पेन ड्राइव्हलाच दोष देतात. डिस्क मॅनेजमेंट उघडून अक्षर बदललं की लगेच दिसतो. कायमचा इलाज वाटणीत आहे: नेटवर्क ड्राइव्ह झेडकडून मागे मॅप करा, बॅकअपच्या डिस्कना पी ते टी द्या, डी ते एच येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मोकळी सोडा.

अक्षर बदलताना साधन एका ओळीत बजावतं की काही प्रोग्राम नीट चालणार नाहीत. हा इशारा फारच मोघम आहे. टॅलीचा डेटा पाथ (फाइलचा पत्ता), शेअर केलेले फोल्डर, वेळापत्रकावर चालणारा बॅकअप, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, डीवर इन्स्टॉल केलेले प्रोग्राम, सगळीकडे अक्षरासकट पूर्ण पाथ साठवलेला असतो. त्यातलं बहुतेक काही आपोआप बदलत नाही. अक्षर परत पहिलं केलं की सगळं पुन्हा जागेवर येतं, त्यामुळे घाबरून काही नव्याने इन्स्टॉल करू नका.

‘ॲड’मधून ड्राइव्हला अक्षराऐवजी रिकाम्या एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल मांडणी) फोल्डरला जोडता येतं, हा या साधनाचा सर्वांत दुर्लक्षित गुण. सीवर ‘फोटो’ फोल्डर, प्रत्यक्षात डेटा दुसऱ्या डिस्कवर. एकच सावधगिरी: बरेच इन्स्टॉलर मोकळी जागा सीची मोजतात, जोडलेल्या डिस्कची नाही.

जुन्या नोंदी साफ करायची सोय मात्र इथे नाही. त्यासाठी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये माउंटव्हॉल, स्पेस, स्लॅश आर. ही कमांड त्या क्षणी न जोडलेल्या सर्व डिस्कची अक्षरं विसरते, तेव्हा आधी बॅकअपच्या डिस्क लावून घ्या. रिकव्हरी पार्टिशनला (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेल्या भागाला) चुकून अक्षर मिळून ‘जागा कमी आहे’चा धोशा सुरू झाला, तर माउंटव्हॉल, ते अक्षर कोलनसह, स्लॅश डी. डेटा पुसला जात नाही, फक्त अक्षर निघतं. ‘फॉरमॅट करा’ असं विचारणारी खिडकी आली तर मात्र ‘कॅन्सल’च दाबा.

क्लोन (हुबेहूब नक्कल) केलेली एमबीआर डिस्क मूळ डिस्कसोबत लावली की दोघींची सही एकच निघते आणि विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं. डिस्क मॅनेजमेंट कारण दाखवतं, हे चांगलं. ‘ऑनलाइन’ केलं की तिला नवी सही मिळते, पण मग त्या क्लोनवरून बूट होईलच याची खात्री उरत नाही. बूटसाठी केलेला क्लोन एकटाच लावून तपासावा. विंडोज सुरू होत नसताना वापरायच्या रिकव्हरीच्या काळ्या खिडकीत तर अक्षरं वेगळीच वाटली जातात. तिथे विंडोज अनेकदा डीवर दिसतं. चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारी कमांड) चालवण्याआधी डिस्कपार्ट या कमांडमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ बघून आकारावरून ड्राइव्ह ओळखा.

घरच्या एक-दोन डिस्कसाठी डिस्क मॅनेजमेंट पुरेसं आहे: ५ पैकी ४. दिवसाला वीस पेन ड्राइव्ह येणाऱ्या झेरॉक्स किंवा डीटीपीच्या दुकानाला ५ पैकी २. तिथे यूएसबीडीएलएम हे छोटं साधन बसवावं. ते सर्व्हिस म्हणून चालतं, मॅप केलेली नेटवर्क अक्षरं टाळतं आणि यूएसबी ड्राइव्हला ठरवून दिलेलं अक्षर देतं. सेटिंगला खिडकी नाही, आयएनआय या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ओळी लिहाव्या लागतात. घरगुती आणि शैक्षणिक वापराला फुकट, धंद्यासाठी मात्र लायसन्स घ्यावं लागतं.