आकाशवाणीचा खर्च कुणी उचलायचा? हात वर करण्याआधी चार वाटांची तुलना

आमच्या वाचनालयाच्या चर्चामंडळापुढे या महिन्यात एक ठराव आहे : ‘आकाशवाणी आणि दूरदर्शनला सरकारी तिजोरीतून पैसा देणं थांबवावं.’ दोन बैठका झाल्या, आवाज चढले, चहा गार झाला, तरी निम्मे सभासद अजून ‘बघू’ म्हणतात. रविवारी हात वर करायचा आहे. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं ठरलंय. मी ठरावाच्या विरोधात आहे आणि एक उपसूचनाही मांडणार आहे. पण ठराव आणणाऱ्यांच्या म्हणण्यात दम आहे, आणि तो नीट ऐकून घेतल्याशिवाय विरोध करण्यात अर्थ नाही.

दोन्ही बैठकांत आपला एक घोळ झाला. सरकारनं द्यावं की नाही, एवढ्यावरच आपण भांडत बसलो. सरकारनं नाही दिलं तर कोण देणार, हे कुणी विचारलंच नाही. ट्रान्समीटरला वीज लागते, उद्घोषकाला पगार लागतो. पैसा यायच्या वाटा मुख्यतः चारच : अर्थसंकल्पातलं अनुदान, घरटी सक्तीचं शुल्क, जाहिराती आणि ऐकणाऱ्यांच्या देणग्या. या चौघांना शेजारी शेजारी बसवून बघू.

त्याआधी, हे सगळं कुणासाठी, तेही बघायला हवं.

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या शेजारी एक अक्का राहतात. सकाळची कामं आवरली की उंबऱ्याशी बसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीनं मापात कापलेली पानं आणि दोरा. दिवसाला हजार विड्या म्हणजे तीच घडी, तीच गाठ हजार वेळा. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, बोटांना तंबाखू लागलेली, त्यामुळे मोबाईल हातात धरता येत नाही. कान तेवढे मोकळे असतात. त्या कानांसाठी खिडकीत रेडिओ ठेवलेला असतो. एकदा मी तिथं बसले असताना एक डॉक्टर क्षयरोगावर बोलत होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात, असं सांगत होते. अक्कांचा दोरा दातात होता, तो तसाच राहिला. सुनेला हातानंच खूण केली, आवाज वाढव. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, ‘बाई, ते थुंकी तपासायचं कुठं असतंय?’

त्या दहा मिनिटांचा खर्च कोण देईल, ही कसोटी घेऊन मी चारही वाटांकडे बघते. तुमची कसोटी वेगळी असू शकेल.

पहिली वाट : सरकारी अनुदान

सध्या आपण याच वाटेवर आहोत. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला, अमलात आला तो सप्टेंबर १९९७ मध्ये. कायद्यानं स्वायत्त मंडळ स्थापन झालं, पण पैसा येतो केंद्राच्या अर्थसंकल्पातून, माहिती व नभोवाणी मंत्रालयामार्फत. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम साधारण अडीच ते तीन हजार कोटींच्या घरात आहे. आकडा ऐकून बैठकीत कुणीतरी ‘बापरे’ म्हणालं. १४० कोटी लोकांत वाटून बघा : माणशी वर्षाला वीस रुपयांच्या आसपास. आपल्याकडच्या टपरीवर दोन कप चहा. त्यात २३ भाषा आणि १७९ बोलींत बोलणारी आकाशवाणी येते, दूरदर्शन येतं, महिन्याचं भाडं न घेणारी फ्री डिश येते.

पैसा फार जातो, हा आक्षेप म्हणून मला पटत नाही. तो जातो कशावर, हा आक्षेप मात्र खरा आहे. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत नेमलेले कर्मचारी प्रसार भारतीकडे प्रतिनियुक्तीवर, म्हणजे मूळचे सरकारी नोकर म्हणून, आहेत असं कायद्यानं मानलं जातं, आणि अनुदानाचा मोठा भाग पगार आणि पगाराशी निगडित खर्चात जातो. यंत्रसामग्री आणि प्रसारणाच्या आधुनिकीकरणासाठी सरकारनं २०२३ मध्ये २,५३९ कोटींची वेगळी योजना मंजूर केली, ते चांगलंच झालं. पण ट्रान्समीटर कितीही नवा असला तरी मंगळवेढ्याच्या ज्वारीवर बोलायला माणूसच लागतो. त्या माणसाच्या मानधनाला आणि गावोगाव फिरायच्या गाडीला शेवटी किती उरतं, हा प्रश्न ठरावाच्या बाजूच्यांनी विचारला आणि आम्हा विरोधकांपैकी कुणीही त्याला धड उत्तर दिलं नाही.

दुसरा आक्षेप याहून मोठा : जो पैसा देतो, त्याची भाषा बोलावी लागते. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत आकाशवाणी सरकारचा भोंगा झाली होती. आपल्यातल्या ज्येष्ठांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय. त्यातूनच वर्गीज समिती नेमली गेली. तिनं १९७८ मध्ये स्वतंत्र न्यासाची शिफारस केली, आणि स्वायत्ततेचा कायदा यायला पुढं बारा वर्षं लागली. त्या कायद्यातही कलम २३ आहे. देशाचं सार्वभौमत्व, एकता, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी केंद्र सरकार प्रसार भारतीला निर्देश देऊ शकतं. मात्र असा प्रत्येक निर्देश संसदेपुढे ठेवावा लागतो, म्हणून लेखी निर्देशाची मला तितकी भीती वाटत नाही. दरवर्षी ज्याच्याकडे पैशासाठी जायचंय, त्याला न दुखवण्याची सवय आपोआप लागते. ती सवय कुठल्या कागदावर येत नाही आणि संसदेपुढेही ठेवली जात नाही. सत्ता कुठल्याही पक्षाची असो.

अक्कांच्या दहा मिनिटांचं काय? या वाटेत ती मिळतात. आज मिळतायत ती याच वाटेनं.

दुसरी वाट : घरटी शुल्क

आजोबांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक होतं. पातळसं, कडा पिवळ्या पडलेलं. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पानावर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. गिरणीच्या चाळीत तपासनीस आल्याची कुणकुण लागली की लायसन्स नसलेले लोक रेडिओवर गोधडी टाकायचे, असं आजी सांगायची. हे लायसन्स १९८० च्या दशकात रद्द झालं. आपली नवी पिढी ‘शुल्क लावा’ म्हणते तेव्हा तिला बहुधा माहीत नसतं की हा प्रयोग आपण करून सोडलाय.

तरीही स्वातंत्र्याचा विचार केला तर ही वाट चौघांत सर्वांत भक्कम आहे. जर्मनीत २०१३ पासून प्रत्येक घराला शुल्क आहे. टीव्ही असो वा नसो, महिन्याला १८.३६ युरो, म्हणजे अठराशे रुपयांच्या वरच. शुल्क किती असावं याचा हिशेब एक स्वतंत्र आयोग करतो, राज्यांनी त्याला मान्यता द्यायची. २०२० मध्ये सॅक्सनी-आनहाल्ट या एका राज्यानं ८६ सेंटची वाढ अडवली. प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये न्यायालयानं वाढ लागू केली. प्रसारणाला पुरेसा पैसा मिळणं हा तिथं घटनेतल्या स्वातंत्र्याचाच भाग मानला जातो. हे वाचताना मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

ब्रिटनचं उदाहरण बैठकीत फार वेळा आलं. तिथली वार्षिक फी एप्रिल २०२५ मध्ये १७४.५० पौंड झाली. आपल्या पैशांत ती वीस हजारांच्या आसपास जाते. काही सवलती सोडल्या तर ती गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखीच, आणि टीव्ही बघत असून ती न भरणं हा तिथं गुन्हा आहे. सोलापुरात हे आणून बघा. एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या मालकाला वर्षाला शंभर रुपये आणि अक्कांनाही शंभरच. वसुली कशी करणार, वीजबिलातून? त्या बिलावर आधीच कितीतरी आकार असतात. शंभर रुपये वसूल करायला किती खर्च येईल आणि किती घरं थकबाकीत जातील याचा विचार केला की ही वाट आपल्या गावासाठी मी बाजूला ठेवते. पण तिच्यातला स्वतंत्र आयोग मला हवाय. त्याकडे शेवटी येते.

तिसरी वाट : जाहिराती

यावर फार वेळ घालवत नाही. जाहिराती वाईट नसतात, विविध भारतीवर त्या १९६७ पासून आहेत. फ्री डिशवर जागा मिळवायला खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात, त्यातूनही प्रसार भारतीला उत्पन्न मिळतं. हे चालू राहावं. पण सगळा संसार जाहिरातीवर उभा केला तर गिऱ्हाईक जिथं आहे तिथंच कार्यक्रम होणार. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं वर्णन करायला प्रायोजक मिळतील, कापड दुकानदार रांग लावतील. थुंकी तपासणीला कोण मिळणार? खासगी एफएमवर बातमी ऐकायची तर आकाशवाणीचंच बातमीपत्र काहीही न बदलता लावण्याची मुभा आहे, स्वतःची बातमी देता येत नाही. म्हणजे उद्या आकाशवाणीचा झरा आटला तर रेडिओवरची बातमीच आटली.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माझी मावसबहीण मोहोळ तालुक्यात तिच्या गावी होती. लाईट गेलेली, मोबाईल दुसऱ्या दिवशी बंद पडला. लांबोटीच्या पुलाशी महामार्ग थांबलेला. देवघराच्या फळीवर सेलचा जुना रेडिओ होता. टॉर्चमधले सेल काढून त्यात घातले आणि सासू-सून अंधारात ‘सीना’ हा शब्द ऐकायला येतोय का याची वाट बघत बसल्या. धरणातून किती पाणी सोडलं, ते कधी पोचेल, कुठल्या गावातनं माणसं हलवतायत. त्या रात्री तिला गाणी नको होती. तासातासाला बोलणारा, या गावांची नावं तोंडपाठ असलेला आवाज हवा होता. असा आवाज वर्षाचे ३६५ दिवस सांभाळावा लागतो, तेव्हा तो त्या एका रात्री हाताशी असतो. जाहिरातदार त्या एका रात्रीसाठी वर्षभर पैसे देणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

चौथी वाट : देणग्या

आपला जिल्हा द्यायला मागंपुढं बघत नाही. आषाढीला पंढरीच्या वाटेवर दिंड्यांना जेवू घालणारी गावं आपण बघतो, अक्कलकोटचं अन्नछत्र बघतो. शेजारच्या साताऱ्यात म्हसवडला महिलांच्या पुढाकारानं माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र उभं राहिलं आणि टिकलं. म्हणून ही वाट हसण्यावारी नेऊ नये. पण अशा केंद्राचा टापू लहान असतो, आणि त्यामागे भक्कम संस्था लागते.

मोठ्या प्रमाणावर काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथं सार्वजनिक रेडिओ-टीव्हीला देणग्यांचा मोठा आधार, आणि त्याला जोड केंद्र सरकारच्या पैशाची. ही जोड वाटण्यासाठी १९६७ च्या कायद्यानं एक महामंडळ उभारलं होतं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं त्याचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि ऑगस्टमध्ये महामंडळानं कामकाज गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. बोस्टन-न्यूयॉर्कसारख्या शहरांत देणगीदार आहेत, तिथली केंद्रं तग धरतील. अलास्कातल्या विरळ वस्तीत काही केंद्रांचा निम्म्याहून जास्त खर्च याच पैशातून चालायचा. देणगीचा रेडिओ तिथं वाजतो जिथं देणाऱ्यांकडे पैसा आहे. अक्का कुठं बसल्यात ते आपल्याला माहीत आहे.

याच घटनेनं मला माझ्या बाजूचाही पुन्हा विचार करायला लावलं. त्या महामंडळाचा पैसा दोन वर्षं आगाऊ मंजूर व्हायचा, राजकारणाचा हात पोचू नये म्हणूनच. तरी एका मतदानात तो गेला. म्हणजे ‘आगाऊ मंजुरी द्या’ एवढं म्हणून भागत नाही.

मग हात कुठं वर करायचा?

तुमची सगळ्यात मोठी काळजी सरकारी दबावाची असेल तर शुल्काची वाट सरस आहे. फक्त वसुली कशी करणार, ते रविवारी सांगा. करदात्यावर एक पैसाही नको असेल तर जाहिरात आणि देणगी उरतात. तुम्ही ठरावाच्या बाजूनं जा, पण पूर्व भागातल्या आणि सीनाकाठच्या माणसाला त्या दिवसापासून काय ऐकू येईल, तेही मोकळेपणानं बोला. आणि आज मिळतंय ते टिकावं, सुधारावं असं वाटत असेल तर अनुदान राहू द्या, त्याची दोरी मात्र मंत्रालयाच्या हातातून काढा.

माझी उपसूचना तीच आहे. दर पाच वर्षांनी वित्त आयोग केंद्र आणि राज्यांमधल्या करवाटपाची शिफारस करतो, त्याची आपल्याला सवय आहे. तसाच एक छोटा आयोग सार्वजनिक प्रसारणासाठी नेमावा. पाच वर्षांची रक्कम त्यानं ठरवावी, आणि ती कमी करायची तर सरकारनं कारणं लेखी संसदेत मांडावीत, अशी तरतूद कायद्यातच असावी. त्या रकमेतला ठरावीक हिस्सा स्थानिक केंद्रांच्या स्थानिक कार्यक्रमांसाठी बांधून ठेवावा. आपल्या शहरात मराठीइतकंच सहज तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोललं जातं, तेव्हा त्या हिश्शात या भाषांचा वाटा असावा. आणि प्रत्येक केंद्राचा जमाखर्च, पगार किती, कार्यक्रमावर किती, दरवर्षी लोकांपुढे यावा. ठरावाच्या बाजूच्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याशिवाय मिळणार नाही.

१९२७ साली मुंबईत सुरू झालेली पहिली प्रसारण कंपनी खासगी होती. लायसन्सच्या पैशात ती तीन वर्षांतच बुडाली आणि १९३० मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. तेव्हा देशभर लायसन्सधारक जेमतेम सात-आठ हजार होते, म्हणून आज तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण ‘सरकारनं हात काढला की कुणीतरी उभं राहीलच’ असं बैठकीत ज्यांनी ठासून सांगितलं, त्यांनी ही तीन वर्षं एकदा वाचावीत. पुस्तक वाचनालयातच आहे.

उपसूचनेला अनुमोदक लागतो. वही ग्रंथपालांच्या टेबलावर शनिवारी संध्याकाळपर्यंत आहे, आणि माझ्या सहीखालची ओळ अजून कोरी आहे.