प्राथमिक विभाग आणि त्याच्या प्रमुख : एका पालकाचा अभिप्राय

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे सुरू केलेल्या प्रयोगशील शाळेत स्वयंपाक, विणकाम आणि सुतारकाम यांतून मुले गणित व विज्ञान शिकत असत. त्याच परंपरेतील एका स्वतंत्र शाळेच्या प्राथमिक विभागात माझी मुलगी तीन वर्षे शिकत आहे. विभागप्रमुख बाई वर्गात मागे बसून शांतपणे पाहतात आणि नंतर शिक्षकांशी बोलताना त्यांच्या चुकांपेक्षा एखादे मूल नेमके कोठे अडले याचीच चर्चा करतात, असे शिक्षकच सांगतात. मला हे फार मोलाचे वाटते. गुणांऐवजी वर्णनात्मक अहवाल मिळतो. मात्र वाचनात मागे पडलेल्या मुलांना अक्षर-ध्वनींचा पद्धतशीर सराव पालकांनी आग्रह धरल्यावरच मिळाला, आणि तो वर्षभर आधी मिळायला हवा होता.