स्टायर एलपी 10 : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

दहा मीटरचं एअर पिस्तूल घ्यायचं ठरलं की प्रश्न येतो तो 'अचूक किती?' असा. या किमतीतली सगळीच पिस्तुलं नेमबाजापेक्षा अचूक असतात. पिस्तूल पक्क्या चिमट्यात (शिकंज्यात) धरून मारलं तर जुळणाऱ्या छऱ्यांची छिद्रं एकमेकांत मिसळतात, आणि लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ चांगलं 11.5 मिमीचं असतं. विचारायचं ते हे, की ऐन पावसाळ्यात, मॅचच्या चाळिसाव्या गोळीला ते पहिल्या गोळीसारखंच वागतं का? एलपी 10 वागतं. पण त्यात भरायची हवा नीट असली तरच.

हे ऑस्ट्रियन पिस्तूल आता नवं नाही, 'इव्हो 10' त्याच्या पुढचं. तरीही रेंजवर जुनी एलपी 10 भरपूर दिसतात आणि हातोहात विकली जातात, कारण ट्रिगर निव्वळ यांत्रिक आहे. बॅटरी नाही, सर्किट नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हाताला जास्त स्वच्छ लागतो, याबद्दल वाद नाही. पण 25 जुलै 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल पात्रता फेरी चालू असताना बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि 575 गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ज्यांना जवळपास तंत्रज्ञ नाही त्यांनी यांत्रिक ट्रिगर घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता हवा. छर्रा ढकलणारी दाबलेली हवा ज्यात असते तो सिलिंडर 200 बारचा (बार हे दाबाचं एकक), पुढच्या टोकाला दाब दाखवणारं गेज. एकदा भरला की साधारण दीडशे गोळ्या निघतात, म्हणजे सराव गोळ्या धरून साठ गोळ्यांची मॅच आरामात होते. तरी गेज 100 च्या खाली असताना मॅचला उभं राहू नये. आतला रेग्युलेटर दाब सारखा ठेवतो, पण सिलिंडरमधला दाब त्याच्या पातळीखाली गेला की छर्रे हळूहळू खाली उतरायला लागतात, आणि नेमबाज मात्र मनगटाला दोष देत बसतो.

हातपंपाने भरणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा. 30 अंश तापमानात आणि 90 टक्के आर्द्रतेत एक घनमीटर हवेत सुमारे 27 ग्रॅम पाणी असतं. सिलिंडर 100 मिलिलिटरचा धरला तर 200 बारला त्यात साधारण 20 लिटर हवा दाबून बसते, म्हणजे अर्धा ग्रॅमच्या वर पाणी. दहाएक थेंब! त्यातलं बरंचसं पंपातच गळून पडतं, पण सगळं नाही. कोकणात किंवा कोल्हापुरात जून ते सप्टेंबर असं रोज भरलं तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंज आणि पांढरट थर धरतो, आणि मग 'पिस्तूल लीक होतं' अशी तक्रार सुरू होते. पंपच वापरायचा असेल तर पन्नासेक दट्ट्यांनंतर ब्लीड स्क्रू उघडून पाणी काढावं, पंप थंड होऊ द्यावा, सुकवणाऱ्या फिल्टरमधली सिलिका रंग बदलली की बदलावी.

त्यापेक्षा स्कूबाची टाकी उत्तम. पाणबुड्यांच्या श्वासासाठीची हवा कॉम्प्रेसरमध्येच कोरडी केलेली असते. मालवण-तारकर्लीच्या आणि गोव्याच्या डायव्हिंगवाल्यांकडे ती मिळते. 10 लिटरच्या टाकीतून 100 मिलिलिटरचा सिलिंडर 50 वरून 200 वर नेला की टाकीचा दाब साधारण दीड बारने उतरतो. म्हणजे 200 बारची टाकी वीस वेळा भरून झाल्यावर 170 च्या आसपास येते आणि तिथून पुढे सिलिंडरही तेवढाच भरतो. 300 बारची टाकी असेल तर हा त्रास नाही, पण मग हात सैल सोडून चालत नाही. टाकीचा व्हॉल्व्ह केसभर उघडायचा, काटा हळूहळू चढू द्यायचा, 200 ला थांबायचं. घाईत भरला तर सिलिंडर तापतो आणि निवल्यावर गेज खाली आलेलं दिसतं. ऑक्सिजनची नळकांडी कधीही जोडू नये. शुद्ध ऑक्सिजन आणि वंगणाचा अंश दाबाखाली एकत्र आले की स्फोट होतो.

गळती शोधताना आधी तापमान आठवावं. 35 अंशाला 200 दाखवणारा सिलिंडर एसी रेंजवर 20 अंशाला 190 दाखवणार. ती गळती नाही. खरी तपासणी दोन रात्रींची. पहिल्या रात्री भरलेला सिलिंडर पिस्तुलापासून काढून ठेवा. सकाळी त्याच तापमानाला काटा उतरलेला असेल तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा. तोंडाशी साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा दिसतो. उतरला नसेल तर दुसऱ्या रात्री पिस्तुलाला जोडून ठेवा. आता उतरला तर दोष पिस्तुलात. गोळी सुटताना हाताला फुंकर जाणवत असेल तर मात्र ब्रीचची, म्हणजे नळीच्या छर्रा भरायच्या मागच्या तोंडाची, ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) चपटी झालेली असते. ती लाकडी टूथपिकने काढावी, सुईने नव्हे; सुईचा एक ओरखडा खाचेवर पडला की नवी रिंगही हवा धरत नाही. बसवताना सिलिकॉन ग्रीस नावापुरतं. मशीनचं तेल नको. रिंगांचा संच आधीच मागवून ठेवावा, कारण इथे त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.

ट्रिगर नियमातल्या किमान 500 ग्रॅमवर काटेकोर लावण्याचा मोह टाळावा. तपासणीत नळी उभी धरून वजन उचलावं लागतं, तीनच संधी मिळतात. मॅचनंतरच्या अचानक तपासणीत ट्रिगर हलका भरला तर स्पर्धेतूनच बाद. 520-530 वर ठेवला तर बोटाला फरक कळत नाही. ट्रिगर ओढताना दुसऱ्या टप्प्यात खरखर लागली की लोक स्क्रू फिरवायला धावतात. बहुतेक वेळा आत कापडाचे तंतू आणि शिशाची धूळ असते. कोरडी हवा फुंकावी, तेल सोडू नये. स्क्रूला हात लावायचाच असेल तर आधी प्रत्येकाची जागा फोटो काढून ठेवावी.

स्टॅबिलायझरमुळे गोळी सुटल्यावर नळी जवळजवळ जागची हलत नाही, आणि त्यात वापरकर्त्याने उघडण्यासारखं काही नाही. लाकडी मूठ मात्र पावसाळ्यात फुगते आणि ऑक्टोबरात आकसते. गट (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) अचानक एका बाजूला सरकला तर साइटचे, म्हणजे नेम धरायच्या माशीचे, क्लिक मोजण्याआधी मुठीचा स्क्रू ॲलन कीने तपासा.

छऱ्यांचं थोडक्यात: 4.48 ते 4.51 अशा डोक्याच्या मापांतले नमुने मागवून आपल्या नळीला कोणता मानवतो ते चिमट्यात बघावं. डब्यात सिलिकाची पुडी टाकावी, नाहीतर शिशावर पांढरी भुकटी धरते. नळी फेल्टच्या बोळ्यांनी ब्रीचकडून पुढे, पाचेकशे गोळ्यांनी एकदा. रेंजवरून उठलं की हात साबणाने धुवायचे, मगच जेवणाचा डबा उघडायचा.

जुनं पिस्तूल विकत घेताना सगळ्यात आधी सिलिंडरवर ठोकलेली तारीख वाचा. दहा वर्षांहून जुना सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ती तारीख तपासण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. विकणारा 'सोबत दोन सिलिंडर' म्हणतो तेव्हा दोन्हींची मुदत विचारा. संपलेली असेल तर किमतीतून दोन नव्या सिलिंडरांचे पैसे वजा करून मगच बोली लावा.