कॅशे, कुकीज की सगळंच? वेबसाइट अडली तर आधी काय पुसायचं

मावशीच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. पान अर्धवट उघडायचं आणि तिथेच अडायचं. कुणीतरी फोनवरून सांगितलं, ‘कॅश क्लिअर करा, होऊन जाईल.’ मावशीला आधी वाटलं, हा बँकेतल्या पैशांबद्दल बोलतोय. मग समोर दिसल्या तेवढ्या सगळ्या चौकटींत खुणा करून तिने एकदाचं पुसून टाकलं. पान तरीही उघडलं नाही. अर्जाची शेवटची तारीख होती आणि साइट चालवणाऱ्या पलीकडच्या यंत्राने, म्हणजे सर्व्हरनेच मान टाकली होती. वर ईमेल लॉगआउट झाला. पासवर्ड कुणालाच आठवेना, आणि नवा घ्यायचा तर ओटीपी जाणार कधीच्या बंद पडलेल्या सिमवर. ‘‘अरे, फॉर्म राहिला बाजूला, आता मेलपण गेला,’’ हा तिचा मला आलेला फोन.

असा सल्ला देणारा खोटं सांगत नसतो, मोघम सांगत असतो. ‘कॅशे-कुकीज’ हे आपण ‘चहा-बिस्किट’सारखं एका दमात म्हणतो. पण एक पुसलं तर थोडा डेटा आणि काही सेकंद जातात, दुसरं पुसलं तर तुमची लॉगिनं जातात. म्हणून हात घालण्याआधी दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडलेला बरा.

काहीही न पुसता करायची परीक्षा

अडलेलं पान आधी ब्राउजरच्या मेनूतल्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा. (फायरफॉक्स आणि सफारीत त्याला प्रायव्हेट म्हणतात.) ही खिडकी रिकाम्या हाताने सुरू होते. तिच्यात जुन्या कुकीज नसतात, जुना कॅशे नसतो, आणि क्रोममध्ये एक्स्टेन्शनही (ब्राउजरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) सहसा बंद असतात. इन्कॉग्निटोची आधीची एखादी खिडकी उघडी राहिली असेल तर ती बंद करून नव्याने सुरू करा, कारण उघड्या खिडक्यांच्या कुकीज सामाईक असतात.

इथेही तीच एरर आली तर तुमच्या ब्राउजरमधला साठा बहुधा निर्दोष आहे आणि पुसापुशीने काही साधणार नाही. पान नीट उघडलं तर दोष कॅशे, कुकी किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. ते त्या साइटपुरतं बंद करून बघायला दहा सेकंद लागतात. आणि घाईचा अर्ज असेल तर सरळ इन्कॉग्निटोतच भरून टाका, दुरुस्ती उद्या करता येईल.

कॅशे: स्वस्त उपाय

कॅशे म्हणजे साइटची चित्रं, रंगरूपाच्या आणि जावास्क्रिप्टच्या (बटणं, याद्या चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) फायली तुमच्याच यंत्रात ठेवलेला साठा. पुढच्या वेळी त्या पुन्हा उतरवाव्या लागू नयेत म्हणून तो असतो. ही फाइल किती काळ जपून ठेव, हे साइटच ब्राउजरला सांगते, आणि ती मुदत पार एक वर्षाची म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची असू शकते. शहाणी साइट फाइल बदलली की तिचं नावही बदलते. निष्काळजी साइट नाव तेच ठेवते. मग नव्या पानाला जुनी फाइल जुंपली जाते आणि गाडी अडते.

याची लक्षणं ओळखता येतात. पान उघडतं पण विस्कटलेलं दिसतं. बटण दाबलं तर ढिम्म हलत नाही. यादीतून जिल्हा निवडला तरी तालुके येत नाहीत. किंवा नुसतं पांढरं पान. इथे कुकीजच्या वाटेला जाऊच नका.

विंडोजवर कंट्रोल आणि एफ५, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. मॅकवर क्रोम किंवा फायरफॉक्स असेल तर कमांड, शिफ्ट आणि आर. ब्राउजर साठ्याकडे न बघता त्या पानाच्या फायली नव्याने मागवतो. माझ्या अनुभवात विस्कटलेल्या पानांचं निम्म्याहून जास्त दुखणं एवढ्यानेच जातं. पान उघडल्यानंतर मागाहून येणाऱ्या फायली मात्र कधीकधी साठ्यातल्याच वापरल्या जातात. तसं वाटलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून येणाऱ्या चौकटीत फक्त चित्रं आणि फायलींच्या कॅशेसमोर खूण ठेवा, बाकीच्या काढा. वर काळ निवडायला सांगतात तिथे ‘शेवटचा तास’ ठेवून उपयोग होत नाही, कारण त्रास देणारी फाइल बहुतेक वेळा त्याहून जुनी असते.

यात लॉगिन जात नाही, पासवर्ड जात नाहीत, भरलेली माहिती जात नाही. पुढचे एक-दोन दिवस साइट्स किंचित सावकाश उघडतील, इतकंच. दर रविवारी ‘फोन हलका व्हावा’ म्हणून कॅशे पुसणारे आमच्या सोसायटीत दोघेतिघे आहेत. ते आपलाच डेटा पुन्हा पुन्हा खर्च करतात.

कुकीज: महाग, पण काही दुखण्यांवर दुसरं औषध नाही

वेब मुळात विसराळू आहे. तुम्ही मागितलेलं प्रत्येक पान सर्व्हरला नवं गिऱ्हाईक वाटतं. यावर १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी तोड काढली: सर्व्हर ब्राउजरला एक छोटी चिठ्ठी देतो आणि ब्राउजर पुढच्या प्रत्येक भेटीत ती दाखवतो. ही चिठ्ठी म्हणजे कुकी. तुम्ही लॉगिन केलेलं आहे, भाषा मराठी निवडली आहे, टोपलीत दोन वस्तू आहेत, हे सगळं तिच्या जोरावर चालतं.

चिठ्ठी बिघडली की वेगळेच खेळ होतात. बरोबर पासवर्ड टाकूनही पुन्हा लॉगिनचंच पान येतं. ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ असं येतं, म्हणजे साइट तुम्हाला या दारातून त्या दारात फिरवत बसते. यात क्रोम स्वतःच कुकीज पुसून बघायला सुचवतो. तिसरी एरर मजेशीर आहे: ४०० क्रमांक आणि सोबत ‘रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज’. एका कुकीची मर्यादा साधारण ४,०९६ बाइट, म्हणजे ४ किलोबाइट. ब्राउजर पान मागताना सगळ्या कुकीज एका ओळीत लिहून पाठवतो, ती हेडरची ओळ. एन्जिनएक्स हा खूप ठिकाणी वापरला जाणारा सर्व्हर बदल न करता ठेवला तर हेडरची एक ओळ ८ किलोबाइटपर्यंतच घेतो. दोन गलेलठ्ठ कुकीज झाल्या की माप भरलं, तिसरी आली की दार बंद. अशा वेळी कॅशे कितीही पुसा, फरक पडत नाही. कंट्रोल-एफ५ तर कुकीजना हातही लावत नाही.

पण कुकीज पुसायच्या म्हणजे सगळ्या पुसायच्या असं नाही. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबा, कुकीज आणि साइट डेटामध्ये जा आणि फक्त त्या साइटचा डेटा काढून टाका. फायरफॉक्समध्येही पत्त्याजवळच्या चिन्हातून हे होतं. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये तळाशी ‘ॲडव्हान्स्ड’ आणि त्यात ‘वेबसाइट डेटा’ आहे. तिथे साइट शोधून नेमकी तेवढीच काढता येते. एवढं केलं की लॉगआउट होतं ते त्या एकाच ठिकाणाहून.

एक धोका इथेही आहे. काही साइट्स अर्धवट भरलेला मजकूर सर्व्हरवर न ठेवता तुमच्या ब्राउजरच्या साठ्यात ठेवतात, आणि ‘साइट डेटा’ पुसताना तोही जातो. पंधरा रकाने भरून झाले असतील तर आधी स्क्रीनशॉट काढा. आणि तिथला पासवर्ड माहीत आहे ना, हे पुसण्याच्या आधी तपासा, नंतर नाही.

सगळंच साफ

मावशीने केलं ते. मी घरच्या यंत्रावर हा सल्ला कुणालाच देत नाही. बँक ‘ओळखीचं यंत्र’ विसरते आणि पुन्हा ओटीपी मागते, व्हॉट्सॲप वेब पुन्हा जोडावं लागतं, सगळीकडे नव्याने लॉगिन. चौकटीत पासवर्डसमोर खूण राहिली तर साठवलेले पासवर्डही जातात, आणि सिंक (एकाच खात्यावरच्या सगळ्या यंत्रांत तीच माहिती ठेवणारी सोय) चालू असेल तर फोनमधलेसुद्धा.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये क्रोम ॲपच्या स्टोरेजखाली दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. ‘क्लिअर कॅशे’ निर्धास्त दाबा. त्याच्या शेजारच्या ‘मॅनेज स्पेस’मधलं ‘क्लिअर ऑल डेटा’ क्रोमला कोऱ्या पाटीवर आणून सोडतं: उघडे टॅब गेले, आणि सिंक नसेल तर बुकमार्कही गेले. इतक्या वेगळ्या परिणामांची बटणं इतकी जवळ कुणाच्या डोक्यातून आली, कोण जाणे.

यातलं काहीच नको तेव्हा

५०२, ५०३, ५०४ हे आकडे दिसले तर अडचण पलीकडे आहे. अर्जाच्या शेवटच्या रात्री ५०३ म्हणजे गर्दी. पहाटे पाचला उठून भरा. ५०० मात्र क्वचित बिघडलेल्या कुकीमुळेही येतो, इन्कॉग्निटोची परीक्षा ते सांगेल. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर पानच नाही, लिंक जुनी असेल. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राच्या (सर्टिफिकेटच्या) तारखेची तक्रार ब्राउजरने केली तर आधी आपल्या यंत्राचं घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपची छोटी बॅटरी गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि मग एकही सुरक्षित साइट उघडत नाही.

मावशीच्या पडद्यावर ५०३ होता. तिने तो आकडा मला नंतर वाचून दाखवला.

हा सगळा हिशेब उलटतो तो सायबर कॅफेत किंवा कार्यालयातल्या सामाईक यंत्रावर. तिथे काम झालं की लॉगआउट करा आणि सुरुवातीपासूनचं सगळं बेलाशक पुसा. त्याहून बरं म्हणजे बसल्याबसल्या इन्कॉग्निटो उघडा आणि उठताना त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करा. डाउनलोड केलेली आधारची पीडीएफ तेवढी आठवणीने हाताने काढावी लागते, ती इन्कॉग्निटो बंद केल्याने जात नाही.