माझ्या पोरीच्या कागदावर एएस लिहिलं होतं

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. १५ वर्षं झाली. सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून पोरांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, कॅम्प लागला की शाळेच्या व्हरांड्यात पोरं रांगेत बसवायची, बोट टोचताना लहानग्याचा हात धरून ठेवायचा, नळीतलं पाणी गढूळ झालं की रजिस्टरात त्या नावापुढे खूण करायची, हे माझं काम. गढूळ निघालेल्यांचं रक्त पुढच्या तपासणीला जातं आणि मग कागद येतो: एएस नाहीतर एसएस. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा काही होत नाही. एसएस म्हणजे रुग्ण. आईबाप दोघंही एएस असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची. पत्रिका राहू द्या, आधी रक्त जुळवा, असं मी गावभर सांगत फिरते.

तर ज्या कागदाने आम्हाला बुडवलं त्यावर माझ्या पोरीच्या नावापुढे ठळक अक्षरात एएस लिहिलं होतं. पोरगी एसएस आहे. मी तो कागद वाचला होता आणि गप्प बसले होते.

पोरीचं सांगते. नऊ महिन्यांची असताना तिच्या हातापायांची बोटं सुजली. मग डोळे पिवळे. सासूने कावीळ म्हणून झाडपाला बांधला, शेजारणीने नजर उतरवली. तेव्हा मी आशा नव्हते, मलाही काही ठाऊक नव्हतं. पाच वर्षांची झाली तेव्हा कळलं, आणि त्याच दिवशी हेही कळलं की आम्ही नवराबायको दोघंही एएस. विदर्भात हा आजार आहे हे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच लिहून ठेवलं होतं. आमच्या गावापर्यंत ते यायला बराच काळ गेला. वर्षातून तीनचारदा दुखणं उठायचं. "आई, पोटऱ्या फुटून राहिल्या," म्हणून रात्रभर रडायची आणि मी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायची. हायड्रॉक्सियुरिया ही रोजची गोळी सुरू झाली तेव्हापासून पुष्कळ फरक पडला.

पोरगी शिकली. २०२४ मध्ये राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत तिचं नाव लागलं. लीड्सला एका वर्षाचं मास्टर्स. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यामुळे लंडन हा शब्द आमच्याकडे कोणाला परका नाही. तिचे बाबा तर यादी मोबाईलवर उघडून पानटपरीपासून सोसायटीपर्यंत सगळ्यांना दाखवून आले. मला मात्र रात्री झोप नाही. तिकडे थंडी. थंडीत तिचं दुखणं हमखास उठतं. तिथे तिच्या आजाराचा डॉक्टर कुठे शोधायचा? इथे जिल्ह्याला कोणाकडे जायचं, गोळ्या कुठे मिळतात, कोणत्या सिस्टरला फोन लावायचा हे मला पाठ आहे. तिकडचं काहीच नाही. त्या माणसाने नेमकी हीच जागा हेरली.

तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात परदेशी शिक्षणाचा मेळावा होता. नागपूरची संस्था. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. चहा, समोसा, स्क्रीनवर बर्फ. मेळावा संपल्यावर मी त्या सरांना बाजूला घेऊन पोरीचा आजार सांगितला. त्यांनी आधी एक सुस्कारा सोडला. मग म्हणाले, "ताई, हे दुसऱ्या कोणाला बोलू नका. सिकलसेल म्हटलं की व्हिसा रिजेक्ट. शिष्यवृत्तीही जाईल." माझे पाय लटपटले. मग त्यांनीच खुर्ची ओढून दिली. "पण आपलं लंडनच्या एका मोठ्या स्पेशालिस्टशी टायअप आहे. बाबासाहेब जिथे शिकले त्याच शहरातले डॉक्टर."

आठवड्याने आम्ही एसटीने नागपूरला त्यांच्या ऑफिसात गेलो. दुसरा मजला, एसी, भिंतीवर फ्रेममध्ये 'शासनमान्य' प्रमाणपत्र. ते उद्यम नोंदणीचं होतं आणि शेजारी गुमास्ता लायसन्स. हे दोन्ही कागद आमच्या चौकातल्या सलूनवाल्याकडेही आहेत. नोकरीसाठी माणसं परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, शिक्षणवाल्याला ती नसते. पण त्या दिवशी अशोकस्तंभ दिसला आणि मी मान डोलावली.

पॅकेज १,६५,००० रुपयांचं. त्यात लंडनच्या तज्ज्ञाचं स्वीकृतिपत्र आणि पहिली भेट ९०,०००. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, 'इथूनच नोंदणी' ३५,०००. जुना आजार कव्हर करणारा विमा ४०,०००. २५,००० ऑनलाइन घेतले, त्याची पावती दिली. पावतीवर फक्त 'समुपदेशन शुल्क'. ४०,००० दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर टाकायला लावले, "अकाउंटंटचं आहे" म्हणून. लाख रुपये रोख. त्या लाखात माझी पोत गहाण पडली, बचत गटाचं कर्ज आलं आणि त्या हंगामाच्या धानाचे पैसे गेले. रोख मोजताना ऑफिसातली मुलगी नोटा मशीनमध्ये टाकत होती. मी म्हटलं, पावती? ती म्हणाली, "सर देतील."

वीस दिवसांनी पाकीट आलं. लंडनच्या डॉक्टरांचं पत्र, वर निळा शिक्का. एक सिकलसेलचं प्रमाणपत्र, त्यावर एएस. आणि विम्याचा फॉर्म, त्यात एक ओळ: मला कोणताही दीर्घ आजार नाही. खाली सहीची जागा.

मी फोन केला. "सर, आमची मुलगी एसएस आहे, यात एएस आहे."

"ताई, तुम्ही आरोग्य खात्यातल्या, तुम्हाला समजायला पाहिजे. एएस म्हणजे नॉर्मल. कागद क्लीन पाहिजे. कागदावर एएस, औषध एसएसचं. कोण विचारतंय?"

हा माणूस खोटं बोलतोय हे माझ्याइतकं आमच्या तालुक्यात कोणाला कळायला हवं होतं? पण पैसे देऊन झाले होते, विमानाचं तिकीट आलं होतं. पोरगी म्हणाली, "आई, हे बरोबर नाही." मी म्हटलं, "सही कर माय, नाहीतर सगळं जाते."

खरं काय होतं ते आता सांगते, कारण यातली एकही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. यूकेत सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर भारतातल्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी टीबीचं प्रमाणपत्र लागतं. सिकलसेलची तपासणी कोणी मागत नाही आणि सिकलसेल आहे म्हणून व्हिसा नाकारत नाहीत. व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. पोरीचा व्हिसा वर्षापेक्षा थोडा लांब, म्हणून १,१६४ पौंड, रुपयांत सव्वा लाखाच्या आसपास. ते आम्ही भरले होतेच. ते भरले की सरकारी दवाखान्यातला उपचार आला, तज्ज्ञ डॉक्टर आले, जुना आजारही आला. तिथे गेल्यावर राहत्या जागेजवळच्या जीपीकडे, म्हणजे आपल्या पीएचसीच्या डॉक्टरसारख्या, एक फॉर्म भरायचा. फुकट. तो जीपी रक्ताच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी देतो. इथून कोणी पैसे घेऊन करून द्यायची ही नोंदणीच नाही, ती तिथे राहायला गेल्यावर आपणच करायची. म्हणजे आमच्या १,६५,००० रुपयांत त्याने आम्हाला तीन गोष्टी विकल्या: एक फुकट होती, एक खोटी होती, आणि विमा आम्हीच खोटी सही करून निकामी केला होता.

सप्टेंबरात पोरगी गेली. 'नोंदणी झालेली आहे' म्हणून ती जीपीकडे गेलीच नाही. गोळ्या तीन महिन्यांच्या नेल्या होत्या, त्या ती मोजून खात होती. लंडनच्या डॉक्टरांना मेल केला, उत्तर नाही. पत्रातल्या पत्त्यावर तिच्या ओळखीचा एक मुलगा जाऊन आला. खाली दुकान आणि भाड्याच्या टपालपेट्या. मग तिने पत्र पुन्हा नीट वाचलं. त्यात औषधाचं नाव हायड्रॉक्सियुरिया होतं. तिकडे डबीवर, चिठ्ठीवर हायड्रॉक्सीकार्बामाइड लिहितात. औषध एकच. पण पत्र लिहिणाऱ्याने लंडनचा दवाखाना बहुधा नागपुरातूनच पाहिला होता, असं ती मला नंतर हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

नोव्हेंबरात तिचं दुखणं उठलं. रात्री कंबर आणि मांड्या, सकाळी छातीपर्यंत. मैत्रिणीने तिला इमर्जन्सीत नेलं. तिथे विचारलं, काही जुना आजार? तिच्या डोक्यात त्या माणसाचं वाक्य बसलेलं: कळलं तर व्हिसा जाईल. तिने फोनमधला तो कागद दाखवला. एएस. वाहकाला असं दुखत नाही, म्हणून त्यांनी दुसरी कारणं शोधायला घेतली. पोरगी खुर्चीत मुटकुळं करून बसली होती. किती तास, ती सांगत नाही.

ती मैत्रीण नायजेरियाची. तिच्या भावाला हाच आजार आहे. त्यांच्याकडे म्हणे आपल्याहूनही जास्त घरांत आहे. ती पोरीपुढे उकिडवी बसली आणि हळूच विचारलं, "तू वॉरियर आहेस ना? एसएस?" तिकडे सिकलसेलवाल्यांना वॉरियर म्हणतात. पोरीने मान हलवली. मग मैत्रिणीनेच उठून नर्सला सांगितलं. त्यानंतर सगळं भराभर झालं. सिकलसेलचं दुखणं घेऊन आलेल्याला अर्ध्या तासात वेदनेचं औषध द्यायचं असा तिथे नियमच आहे. आधी खरं सांगितलं असतं तर तो नियम तिलाही लागला असता.

चार दिवस ती दवाखान्यात होती. बिल आलं नाही. व्हिसाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. रक्ताच्या तज्ज्ञांच्या टीमने तिला आपल्याकडे घेतलं, नर्सचा थेट नंबर दिला. विद्यापीठाला कळवल्यावर त्यांनी खोली बदलून दिली, हीटर नीट चालणारी. हे सगळं पहिल्या आठवड्यात झालं असतं.

ज्यांची पोरं जाणार आहेत त्यांच्यासाठी तिने सांगितलेलं लिहिते. जिल्ह्याच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्या: आजाराचं नाव, शेवटचं हिमोग्लोबिन, आजवर किती वेळा रक्त चढवलं, कोणत्या लसी झाल्या, औषधाचा डोस. इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे एएस की एसएस ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, मूळ रिपोर्ट जवळ ठेवा. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी तिकडे नियंत्रित औषधांत मोडते, डॉक्टरांच्या पत्राशिवाय ती बॅगेत नको. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९ पौंड ९० पेन्स लागतात, आणि सिकलसेल माफीच्या यादीत नाही. याचं मला अजून नवल वाटतं. ११४ पौंड ५० पेन्स भरून वर्षाचा पास काढता येतो, दर महिन्याला औषध लागणाऱ्याला तो परवडतो. विमानात पाणी पीत राहायचं. आणि उतरल्यावर सिमकार्ड घेतलं की दुसरं काम जीपीचा फॉर्म.

पैशांचं म्हणाल तर, आम्ही नागपूरला गेलो तेव्हा सरांनी चहा पाजला. "ताई, सेवा तर दिली ना? पत्र मिळालं ना?" विम्याचं विचारलं तर म्हणाले, फॉर्मवर सही तुमच्या मुलीची आहे. पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिली. ऑनलाइन फसवणुकीला १९३० नंबर आहे, पण तिथे तासा-दोन तासांत फोन केला तर खातं गोठवता येतं. आम्हाला सहा महिने झाले होते. रोख लाखाचा तर पुरावाच नाही. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जायचं असतं. नोटीस गेल्यावर त्याने ४०,००० परत केले, 'सद्भावनेने'. पोत अजून सराफाकडेच आहे.

गावात लोक विचारतात, "बाई, तुम्ही तर आशा, तुम्ही कशा फसल्या?" काही जण हे मुद्दाम दोनदा विचारतात.

तिचे बाबा म्हणाले, तो एएसचा कागद जाळून टाक, घरात नको. मी जाळला नाही. वकिलांनी फाइल लावताना तो आणि विम्याचा फॉर्म शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, समोरचा वकील पहिलं हेच काढेल. मुलगी सज्ञान, सही तिची. खोटं माहीत असून केली का, असं विचारेल. काय सांगाल?"

मी म्हटलं, सही कर असं मी सांगितलं होतं, तसं लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं.