एक्स-३२ मिक्सर आणि मिडासचे स्टेज बॉक्स: आठ महिने वापरल्यावर

जोडणी अशी आहे: समोर, प्रेक्षकांच्या बाजूला, बेहरिंगरचा एक्स-३२ हा डिजिटल मिक्सर, स्टेजवर मिडासचे दोन डीएल-१६ (माइक जिथे जोडतात ते स्टेज बॉक्स) आणि मध्ये पन्नास मीटरची एईएस-५० केबल, दोघांमध्ये डिजिटल आवाज नेणारी. कामं म्हणाल तर कीर्तन, नाट्यसंगीताच्या मैफली, परिसंवाद, शाळांची स्नेहसंमेलनं आणि लग्नाचे ऑर्केस्ट्रा.

आधी नावांचं पाहू, कारण पैसे बऱ्याचदा नावाला मोजले जातात. मिक्सरवर बेहरिंगर लिहिलंय, बॉक्सवर मिडास. केबलमधून आवाज नेणारं एईएस-५० चं तंत्र मुळात सोनीच्या ऑक्सफर्डच्या गटानं सुपरमॅक म्हणून तयार केलं, पुढे ते क्लार्क टेक्निककडे आलं. बेहरिंगर, मिडास आणि क्लार्क टेक्निक ही तिन्ही नावं आज एकाच घरातली आहेत. मिडास आणि क्लार्क टेक्निक या जुन्या इंग्लिश कंपन्या. २००६ मध्ये बॉशनं टेलेक्स विकत घेतली तेव्हा त्या बॉशकडे गेल्या आणि डिसेंबर २००९ मध्ये बेहरिंगरच्या मूळ कंपनीनं त्या बॉशकडून घेतल्या. मग २०१२ मध्ये टर्बोसाउंड आलं. २०१५ मध्ये टीसी ग्रुप आला आणि त्याच्यासोबत टॅनॉय, लॅब ग्रुपन आणि टीसी इलेक्ट्रॉनिक. २०१७ पासून या घराचं नाव म्युझिक ट्राइब.

या एकत्र येण्याचा फायदा वापरणाऱ्याच्या हातात खरोखर पडलाय, हे मोकळेपणानं सांगायला हवं. एक्स-३२ बाजारात आला २०१२ मध्ये, मिडासचा तसाच मिक्सर एम-३२ आला २०१४ मध्ये. दोघांचं पोट एकच: ४० इनपुट चॅनल, १६ मिक्स बस (आवाज एकत्र करून बाहेर पाठवायच्या वाटा), ६ मॅट्रिक्स (बसचंच पुन्हा मिश्रण करायच्या वाटा), ८ इफेक्ट. एक्स-३२ वर साठवलेला सीन (सगळ्या सेटिंगची नोंद) पेन ड्राइव्हवर घेऊन भाड्यानं आणलेल्या एम-३२ वर उघडला तर चॅनलची नावं, ईक्यू (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणं), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणं) सगळं जागच्या जागी येतं. राउटिंग, म्हणजे कुठला आवाज कुठे जातो, तेवढं डोळ्यांनी एकदा तपासा. ऑर्केस्ट्राच्या सीझनमध्ये दोन गावांत दोन मिक्सर लागतात तेव्हा या एका सोयीवर अख्खी रात्र वाचते.

प्रीअँपचं, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटचं, विचारणारे खूप असतात. एक्स-३२ चे प्रीअँप मिडासनं आखलेले म्हणून विकले जातात, डीएल-१६ आणि एम-३२ मधले मिडास प्रो म्हणून. सर्किट वेगळं आहे. बंद हॉलमध्ये कंडेन्सर माइकवर सतार ऐकली तर वरच्या पट्टीत थोडा फरक जाणवतो. मंडपात, जनरेटरच्या शेजारी, डायनॅमिक माइकवर तो ऐकू येत नाही. माइक चार बोटं सरकवला तर आवाज त्यापेक्षा जास्त बदलतो.

आता केबल. एईएस-५० ची एक केबल ४८ चॅनल जायचे आणि ४८ यायचे एवढं वाहते. दिसते नेटवर्क केबलसारखी आणि म्हणूनच लोक फसतात. कॉम्प्युटरच्या दुकानातली प्लास्टिक टोकाची साधी केबल लावली तरी दिवा हिरवा होतो, टेस्टिंगला आवाज येतो आणि सगळे खूश. मग डिसेंबरच्या कोरड्या हवेत, स्टेजवरच्या सिंथेटिक गालिच्यावरून चालत आलेला माणूस बॉक्सला हात लावतो, अंगातली स्थिर वीज कनेक्टरवर उतरते आणि सगळ्या चॅनलचा आवाज क्षणभर जातो किंवा कडकड होते. कारण सरळ आहे. दोन्ही यंत्रांचं डिजिटल घड्याळ, म्हणजे आवाज मोजायचा ताल, याच केबलमधून जुळतं. तो ताल तुटला की सगळंच तुटतं.

उपाय पक्का आहे. कॅट-५ई, शिल्ड असलेली केबल; दोन्ही टोकांना धातूचा आरजे-४५ प्लग आणि त्यावर धातूचं इथरकॉन कवच. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एका कवचावरून दुसऱ्या कवचापर्यंत तपासा. बीप आलाच पाहिजे. नाही आला तर शिल्ड प्लगपर्यंत पोचलेलं नाही, ती केबल स्टेजवर नेऊ नका. छापील मर्यादा १०० मीटरची आहे, पण मध्ये जोड असेल तर तिच्या जवळपासही जाऊ नये. नेटवर्क स्विच मध्ये घालून चालत नाही. केबल ड्रमवर गुंडाळायची, कोपरावर नाही, आणि खुर्च्यांच्या पायांखालून न्यायची नाही.

जोडताना मिक्सरचा सिंक लोकल ठेवायचा, म्हणजे घड्याळ त्याचं स्वतःचं, बॉक्स त्याच्यामागून चालतो. पहिल्या बॉक्सच्या बी पोर्टमधून दुसऱ्याच्या ए पोर्टमध्ये केबल गेली की पहिल्याचे १६ इनपुट १ ते १६ वर आणि दुसऱ्याचे १७ ते ३२ वर येतात. आउटपुटचं मात्र बॉक्सवर स्वतः सांगावं लागतं: एकाला १ ते ८, दुसऱ्याला ९ ते १६. हे विसरलं की दोन्ही बॉक्समधून तेच मॉनिटर (कलाकारांसाठीचे स्टेजवरचे स्पीकर) वाजतात आणि दोष मिक्सरवर जातो. मूळ राउटिंग आठ-आठच्या गठ्ठ्यानं चालतं. फर्मवेअर ४.० पासून एकेक चॅनल हवा तसा ओढता येतो, त्यामुळे जुना मिक्सर घेतला असेल तर आधी तेच करा: एफएटी-३२ पेन ड्राइव्हच्या मुळात अपडेटची फाइल टाकायची आणि लॉक बटण दाबून धरून मिक्सर चालू करायचा. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये.

समोर एक्स-३२ आणि मॉनिटरला एम-३२ अशी जोडी एकाच बॉक्सवर लावली तर गेन, म्हणजे प्रीअँप सिग्नल किती वाढवतो ते, दोघांचा एकच असतो. एकानं गायिकेचा गेन वाढवला की दुसऱ्याचा मॉनिटर शिट्टी मारतो. गेन फक्त मॉनिटरवाल्यानं धरायचा, समोरच्यानं अधिक-उणे १८ डेसिबलच्या डिजिटल ट्रिमवर (फक्त आपल्या मिक्सरमधली वाढ-घट) भागवायचं.

कीर्तनासाठी बसलेली मांडणी सांगतो. बुवांच्या माइकला लो कट (त्याखालचा आवाज कापणं) ११० हर्ट्झ, कॉम्प्रेसर ३:१, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) १५ ते २० मिलिसेकंद. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे खर्जाच्या बाजूला, लो कट ४० च्या वर नको आणि गेट (हळू आवाज बंद करणारं) तर मुळीच नको, घुमारा अर्ध्यात कापला जातो. पेटीला ३५० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी. टाळकऱ्यांना वेगळा माइक देऊ नये. ते बुवांच्या माइकमधून भरपूर येतात आणि ३ ते ४ किलोहर्ट्झवर कान किटतो, तिथे थोडं उतरवावं. परिसंवादाला १ ते ८ चॅनलवरचं ऑटोमिक्स (बोलणाऱ्याचा माइक आपोआप वर आणणारं) लावा. वक्ते नेहमी त्याच आठांत ठेवावे लागतात, बाकी चॅनलवर ते चालत नाही. मॉनिटरच्या ग्राफिक ईक्यूसाठी इफेक्टचे ५ ते ८ खण राखून ठेवावेत. एका खणात दोन बस बसतात, म्हणजे आठ मॉनिटर होतात आणि पहिले चार रिव्हर्ब-डिलेला मोकळे राहतात.

धूळ हा मोटर फेडरचा, म्हणजे आपोआप जागा घेणाऱ्या सरकबटणाचा, मोठा शत्रू. पट्टीवर धूळ बसली की जागेचं वाचन चुकतं, मोटर जागा शोधत राहते आणि फेडर थरथरतो. त्यात तेलकट स्प्रे मारला तर दोन दिवस बरं वाटतं, नंतर ग्रीस आणि धूळ मिळून चिखल होतो. कोरडी हवा आणि काम संपल्या संपल्या जाड कापडाचं कव्हर, एवढंच. यूपीएस हवाच, आणि मिक्सर बंद करताना मेनूतून शटडाऊन द्या, नाहीतर शेवटचे बदल जायची भीती असते.

एका घरात सगळं आल्याचा तोटा दुसऱ्या टोकाला आहे. दुकानात एक्स-३२ आणि एम-३२ समोरासमोर ठेवून भाव करता येत नाही, दोन्हीचा भाव एकाच ठिकाणी ठरतो. सुटे भाग अडले तर दोघांचे एकदम अडू शकतात. म्हणून फेडर हाताशी दोन राखावेत. बाहेर पडावं म्हटलं तरी पलीकडेही घराणीच आहेत: अ‍ॅलन अँड हीथ, डिजिको आणि सॉलिड स्टेट लॉजिक ऑडिओटॉनिक्सकडे, साउंडक्राफ्ट हर्मनकडे, आणि हर्मन २०१७ पासून सॅमसंगकडे. प्रत्येकाचा स्टेज बॉक्स आपापली भाषा बोलतो. मिक्सर बदलला की बॉक्स आणि केबलची बेरीजही बदलते, ती किमतीत आधीच धरा.

जुना एक्स-३२ घ्यायचा असेल तर अर्धा तास मागून घ्या. दोन वेगळे सीन आलटून पालटून दहा वेळा उघडा. सगळे २५ फेडर एका दमात जाऊन थांबले पाहिजेत. मागच्या ३२ ही इनपुटवर एकाच माइकनं बोला, कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट प्रत्येकावर लावून बघा. एईएस-५० च्या ए आणि बी दोन्ही पोर्टवर बॉक्स जोडून केबलचं टोक हलकं हलवा. दिवा लाल झाला तर आधी केबल बदलून बघा, तरीही लालच राहिला तर तो मिक्सर घेऊ नका.